मुक्तीचे ऋण

दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वासात ध्वजवंदन होते. १५ ऑगस्ट हा साऱ्या देशाचा स्वातंत्र्यदिन. पण दादरा व नगर हवेलीतील बहात्तर खेड्यांना स्वातंत्र्याची पहाट दिसली ती त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ च्या पावसाळ्यात. २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह खानवेलच्या रानात निसटला आणि ११ ऑगस्टला उदवा येथे शरण आला. लष्कराची मदत न घेता, मूठभर स्वयंसेवकांनी एका युरोपीय सत्तेचा अंमल उठवून लावला, असा हा विलक्षण इतिहास आहे.

हे स्वयंसेवक कोण होते? फ्रान्सिस मास्कारेन्हास आणि वामन देसाई हे गोमंतकीय. विश्वनाथ लवंदे हे आझाद गोमंतक दलाचे. राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, श्रीकृष्ण भिडे, बाबासाहेब पुरंदरे ही पुण्याकडची मंडळी. आणि साऱ्या महाराष्ट्राला ज्यांचा गळा ठाऊक होता ते संगीतकार सुधीर फडके. तलासरी-उंबरगाव भागातील कम्युनिस्ट कार्यकर्तेही आपापल्या वाटेने आत शिरले होते. पक्ष निराळे, ध्वज निराळे, एकमेकांविषयीची मतेही फारशी गोड नव्हती. या कामासाठी निधी हवा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम झाला, हेही जुन्या मंडळींना आठवत असेल.

यांतील बहुतेकांचे घर, शेत किंवा नातेवाईक या बहात्तर खेड्यांत नव्हते. येथे राहत होते ते वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. आणि ज्या थोड्या हातांत जमिनी होत्या त्या हातांखाली ते राबत होते. म्हणजे आमची मुक्ती ही पुष्कळ अंशी परक्या माणसांनी आमच्यासाठी उचललेल्या जोखमीचे फळ होय. शाळेत दरवर्षी हा इतिहास मुलांना सांगताना त्याच्या पुढचा प्रश्न मनात येतो: ज्याला दुसऱ्याच्या कष्टाने मुक्ती मिळाली, त्याच्यावर काही ऋण राहते की नाही? आणि राहत असेल तर ते कोणाचे फेडावयाचे?

आपल्या शास्त्रकारांनी ऋणाची कल्पना मोठी सुंदर मांडली आहे. पितृऋण पित्याला परत करून फिटत नाही. ते पुढच्या पिढीला देऊन फेडावयाचे असते. मुक्तीच्या ऋणाचेही तसेच असावे. ज्यांनी सोडविले त्यांना ते परत करता येत नाही. जे अजून बांधलेले आहेत त्यांच्याकडे ते वळवावे लागते. या दृष्टीने पाहू लागलो म्हणजे सिल्वासापासून हजारो मैल दूर असलेल्या दक्षिण आफ्रिकेचा इतिहास आपल्या घरचा वाटू लागतो. तेथील काळ्या माणसाने वर्णद्वेष्ट्या राजवटीशी दिलेल्या लढ्याला जगभरातून जो पाठिंबा मिळाला, त्यात भारताचा वाटा पहिला होता. आणि त्या वाट्यात मराठी माणसांचा आरंभ फार जुना आहे.

पहिले पाऊल

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केले, ही गोष्ट मराठी वाचकांस परिचित आहे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. आठच वर्षांनी पुण्यातील एक माळी समाजाचा विचारवंत त्या घटनेकडे पाहून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांसाठी धडा घेतो. परक्याचे दुःख पाहून आपल्या घरातील दुःख ओळखण्याची ही दृष्टी जोतीरावांची. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत मात्र प्रवास उलट दिशेने झाला. तेथे आपण आरंभी पाहिले ते फक्त आपल्या माणसांचे दुःख. परक्यांचे दुःख दिसावयास आणखी तीन-चार दशके जावी लागली.

नामदार गोखले आफ्रिकेत

१८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर गिरमिटावर जाऊ लागले. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग वेतन. करार संपल्यावर हे मजूर तेथेच राहतात, भाजीपाला पिकवितात, दुकाने काढतात, हे गोऱ्या वसाहतवाल्यांना खपेना. मग १८९५ मध्ये कायदा झाला: करारातून सुटून तेथे राहू इच्छिणाऱ्या मजुराने दरसाल तीन पौंड डोईपट्टी द्यावी. पुढे सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगीही या पट्टीत आली. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मजुराचे सहा महिन्यांचे वेतन. चार माणसांचे कुटुंब असेल तर बारा पौंड. पट्टी भरा, नाही तर पुन्हा गिरमिटात अडका, नाही तर मायदेशी चालते व्हा, असा तो पेच होता.

कोतळूकसारख्या कोकणातील खेड्यात १८६६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हा प्रश्न आपला मानला. त्यांचा कोणी आप्त नाताळात मजुरी करीत नव्हता; गिरमिटिये बहुतांशी तामिळ, तेलुगू आणि बिहारकडचे. तरी २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळकडे गिरमिटी मजूर पाठविणे बंद करावे असा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडची मजूरभरती थांबली. ज्या काळात कायदेमंडळाचा ठराव सरकारला बंधनकारकही नव्हता, त्या काळात आकडे आणि युक्तिवाद यांच्या बळावर मिळविलेले हे यश होते.

पुढे गांधीजींच्या आग्रहावरून ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली. तरी केपटाउन, किंबर्ली, जोहान्सबर्ग, दरबान, प्रिटोरिया असा त्यांचा दौरा झाला. गांधीजी त्यांचे चिटणीस, दुभाषे आणि शुश्रूषा करणारे, असे सर्व काही होते. टॉल्स्टॉय फार्मवर त्यांच्यासाठी खास सोय केलेली होती, पण इतर सारे जमिनीवर निजतात हे कळल्यावर नामदारांनी वेगळी खाट घेण्याचे नाकारले.

या दौऱ्यातील एक हकिकत बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना विशेष गोड वाटेल. गांधीजींनीच ती आपल्या दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. जोहान्सबर्गात कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू यांची वस्ती होती, आणि त्यांना गोखल्यांच्या तोंडून मराठी ऐकावयाची फार हौस होती. गोखले इंग्रजीचे सिद्धहस्त वक्ते. परंतु जेथे श्रोते हिंदीच आहेत तेथे त्यांनी मराठीतच बोलावे, मी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करीन, असे गांधीजींनी सुचविले. तेव्हा नामदार मनमोकळे हसले. तुमचे हिंदुस्थानी किती खोल आहे ते मी पाहिले आहे, आता हे मराठी तुम्ही कोठून शिकलात, अशा अर्थाची त्यांनी थट्टा केली. गांधीजींचे म्हणणे असे, की विषय मला ठाऊक आहे, त्यामुळे अर्थाचा विपर्यास होणार नाही. अखेर गोखल्यांनी मानले. आणि तेथून झांजीबारपर्यंत हिंदी लोकांच्या सभांत ते मराठीतच बोलले.

डोळ्यांपुढे चित्र आणून पाहावे. व्यासपीठावर रत्नागिरी जिल्ह्यातला चित्पावन ब्राह्मण, शेजारी भाषांतर करणारा काठियावाडी बॅरिस्टर, समोर कोकणी मुसलमान, तामिळ फेरीवाले, सुरती दुकानदार. आणि विषय तीन पौंडांची डोईपट्टी. मराठी भाषा महाराष्ट्राबाहेर गेली म्हणजे तिने काय करावे, असा प्रश्न आपल्या मंडळांतून नेहमी चर्चिला जातो. गणेशोत्सव करावा, नाटके करावीत, हे तर आहेच. परंतु १९१२ मध्ये त्या भाषेने परमुलखात जे केले, ते तिच्या वैभवाच्या कथांत पहिल्या पंक्तीला बसावे.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात जनरल बोथा, जनरल स्मट्स आदी मंत्र्यांशी गोखल्यांची भेट झाली. डोईपट्टी जाईल असे आश्वासन आपणास मिळाले, अशी समजूत घेऊन ते परतले. गांधीजींचा त्यावर विश्वास बसला नव्हता. झालेही तसेच. पुढच्या वर्षी स्मट्स यांनी पट्टी रद्द करण्यास नकार दिला, आणि गांधीजींनी हा नामदारांच्या शब्दाचा अपमान मानून डोईपट्टीचा प्रश्न सत्याग्रहात घेतला. त्याच वर्षी एका न्यायालयीन निकालाने हिंदू, मुसलमान व पारशी धर्मविधीने झालेले विवाह तेथे अवैध ठरविले होते. त्यामुळे स्त्रियाही लढ्यात उतरल्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांचा मोर्चा ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघाला. कोळशाच्या खाणी आणि उसाचे मळे बंद पडले.

इकडे मायदेशी गोखले अंथरुणाला खिळण्याच्या स्थितीत होते. तरी त्यांनी देशभर निधी उभारला, तारांमागून तारा पाठविल्या आणि अँड्र्यूज व पिअर्सन या दोन इंग्रज सज्जनांना आफ्रिकेकडे रवाना केले. सत्याग्रहासाठी सर रतन टाटा यांनी १९०९ मध्ये २५ हजार रुपये दिले होते. पुढे त्यांची एकूण देणगी सव्वा लाखावर गेली. हे टाटा घराणे आमच्या शेजारच्या नवसारीचे. अखेर व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनीही मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखविली. १९१४ मध्ये नवा कायदा होऊन डोईपट्टी गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. आफ्रिकेच्या कामाने त्यांची उरलीसुरली प्रकृती खर्ची पडली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ओहलांगेची शाळा

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. ही सारी लढाई हिंदी लोकांसाठी होती. ज्यांचा तो देश, त्या आफ्रिकी लोकांसाठी नव्हती. ज्या १९१३ मध्ये आपला मोर्चा निघाला, त्याच वर्षीच्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेने भूमी कायदा करून तेथील मूळ रहिवाशांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीत कोंडले. त्याविरुद्ध आपल्या सभांतून आवाज उठला नाही. हिंदी माणसाला ‘काळ्यां’च्या पंक्तीत बसवू नये, असाच तक्रारीचा सूर त्या काळच्या अनेक अर्जांत ऐकू येतो.

तरीही एक बीज पडले होते. नाताळात फिनिक्स आश्रमापासून जवळ ओहलांगे येथे जॉन ड्युबे यांनी १९०१ मध्ये आफ्रिकी मुलांसाठी शाळा काढली होती. हेच ड्युबे १९१२ च्या जानेवारीत स्थापन झालेल्या आफ्रिकी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष. तीच पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने प्रसिद्ध झाली. नोव्हेंबर १९१२ मध्ये गांधीजी गोखल्यांना या शाळेत घेऊन गेले. मुलांनी झुलू गाणी म्हटली आणि गोखल्यांनी ड्युबे यांच्याशी तेथील लोकांच्या स्थितीविषयी बोलणे केले. फर्ग्युसन महाविद्यालयात आयुष्याची अनेक वर्षे वेचलेला अध्यापक आणि आपल्या समाजासाठी शाळा उभारणारा झुलू शिक्षक यांची ती भेट होती. त्या भेटीतून तत्काळ काही निष्पन्न झाले नाही. पण ओहलांगेचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्यांकडून परक्यांकडे

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर व वस्तीवर बंधने घालणारा कायदा केला. त्या वेळी प्रिटोरिया सरकारकडे भारताचे हायकमिशनर होते वऱ्हाडचे बॅरिस्टर रामराव देशमुख. सरकारने त्यांना परत बोलाविले. जुलै १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी सर्व व्यापार बंद केला. तेव्हा आपण स्वतंत्रही झालो नव्हतो! भारताच्या निर्यातीपैकी सुमारे साडेपाच टक्के माल त्या देशात जात असे. त्यात गोणपाटाचा मोठा वाटा होता. तो बाजार आपण आपल्या हाताने सोडला. वर्णद्वेषासाठी दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा जगातील पहिला देश भारत होय. पाश्चात्त्य राष्ट्रांना असे काही करण्यास पुढे चाळीस वर्षे लागली.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात विजयालक्ष्मी पंडित यांनी हा प्रश्न मांडला. समोर उत्तर देण्यास उभे होते तेच जनरल स्मट्स, ज्यांनी गोखल्यांची निराशा केली होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी दोन तृतीयांश मतांनी भारताचा ठराव संमत झाला. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा हेही तेव्हा न्यूयॉर्कला आले होते. पुढच्या मार्चमध्ये डॉ. झुमा, डॉ. नायकर आणि डॉ. युसुफ दादू या तीन डॉक्टरांनी आफ्रिकी व हिंदी जनतेच्या एकत्र लढ्याचा करार केला. डॉ. दादूंचे मूळ गाव सुरतजवळचे खोलवड. पुढे नेल्सन मंडेलांबरोबर जन्मठेप भोगलेले अहमद कथराडा यांचे आईवडील सुरत जिल्ह्यातील लाजपूरचे. वापीहून सुरतेच्या गाडीत बसले की ही गावे काही तासांच्या अंतरावर. त्या लढ्याचे धागे आमच्या उंबरठ्यापर्यंत आलेले आहेत ते असे.

१९५२ मध्ये भारताने आणखी बारा देशांसह केवळ हिंदी लोकांचा नव्हे, तर वर्णभेदाचा समग्र प्रश्न राष्ट्रसंघापुढे ठेवला. गोखल्यांच्या काळी जे पाऊल उचलले गेले नव्हते ते येथे उचलले गेले. आपल्यांची कैफियत मांडता मांडता आपण परक्यांचे वकील झालो.

परंतु वकिलाचेही दप्तर तपासले जातेच. १९४६ च्या वादात दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने भारतातील अस्पृश्यतेकडे बोट दाखविले गेले. ते बोट दुष्ट हेतूने दाखविलेले होते. पण ज्याकडे दाखविले ते खोटे नव्हते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत किती साम्य आहे ते कळविले आणि निग्रोंनी राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. जोतीरावांचाच विचार तेथे पुढे चालू झालेला दिसतो. दुसऱ्याच्या घरातील अन्याय दाखविणाऱ्याने आपल्या घरात दिवा लावलेला असावा लागतो.

आमची माती आणि मोझांबिक

आता पुन्हा आमच्या बहात्तर खेड्यांकडे वळू. दादरा व नगर हवेलीवरचा अंमल ज्या पोर्तुगालचा होता, त्याच पोर्तुगालच्या ताब्यात दक्षिण आफ्रिकेला लागून असलेले मोझांबिक होते. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना हजारो मोझांबिकी मजूर पुरविण्याचा १९०९ चा करार या दोन राजवटींत होता. म्हणजे सिल्वासातला कर वसूल करणारी सत्ता आणि जोहान्सबर्गच्या खाणीत काळा मजूर धाडणारी सत्ता एकच. १९५४ मध्ये सिल्वासात जो झेंडा उतरला, तो लुआंडा आणि लॉरेन्सो मार्क्स येथेही फडकत होता. तेथे तो उतरावयास आणखी एकवीस वर्षे लागली.

पोर्तुगालने गेलेला मुलूख परत मिळविण्यासाठी दमणहून सैन्य नेण्याचा हक्क मागितला आणि २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद लावली. मराठ्यांशी झालेला १७७९ चा तह आणि पुढच्या सनदा यांचा कीस तेथे पडला. पेशव्यांनी पोर्तुगिजांना येथील महसुलाचा हक्क दिला होता, राज्य दिले नव्हते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात सशस्त्र सैन्य व पोलीस नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही असे ठरले. भारताची बाजू सेटलवाडांनी मांडली. आपल्या मोडी दप्तरांतील शब्दांवर युरोपातील न्यायाधीशांनी महिनोन्‌महिने विचार करावा, हा योगही मोठा मौजेचाच.

इकडे गोमंतक अद्याप पारतंत्र्यात होते. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांची परिषद भरली. अंगोला, मोझांबिक, गिनी यांच्याबरोबर तेथे गोव्याचेही प्रतिनिधी होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीत याच विषयावर परिसंवाद झाला आणि आफ्रिकेतील पुढारी त्यास आले. मग १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आदल्या दिवशी सुरक्षा समितीत पाश्चात्त्य राष्ट्रांनी भारताला माघार घ्यावयास सांगणारा ठराव आणला होता. त्याविरुद्ध हात वर करणारी राष्ट्रे चारच: सोव्हिएट रशिया, सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त, आणि लायबेरिया. चारांतील दोन आफ्रिकेची! १९४६ मध्ये आपण त्या खंडासाठी जे केले, त्याचे हे उत्तर आले असे मी मानतो.

या कासाब्लांका परिषदेच्या संस्थापकांत एक बार्देशकर होता: आकिनो द ब्रागांसा. १९२४ मध्ये गोव्यात जन्मलेला हा पत्रकार-प्राध्यापक गोवा मुक्त झाल्यावर घरी परतला नाही. मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात राहिला. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तो मापुतोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अध्ययन केंद्राचा संचालक झाला. दक्षिण आफ्रिकेतून निर्वासित झालेल्या लेखिका रूथ फर्स्ट तेथेच काम करीत. १७ ऑगस्ट १९८२ रोजी वर्णद्वेष्ट्या सरकारच्या हस्तकांनी धाडलेल्या टपालातील बाँबने त्यांचा बळी घेतला. त्या स्फोटात आकिनोही जखमी झाले. पुढे १९ ऑक्टोबर १९८६ रोजी मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत एम्बुझिनी येथे कोसळले. त्या विमानात आकिनो होते. तेथेच त्यांचा अंत झाला. त्या अपघाताविषयीचे संशय आजही मिटलेले नाहीत.

सिल्वासासाठी पुण्याहून आलेले तरुण आणि मोझांबिकसाठी गोव्याहून गेलेले आकिनो, यांत मला एकच वृत्ती दिसते. फरक इतकाच, की पहिल्यांची आठवण आम्ही दरवर्षी काढतो, आणि दुसऱ्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलेले असेल.

मुले आणि भाषा

शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर वर्णभेदाचा सर्वांत क्रूर कायदा १९५३ चा. त्या कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण सरकारने हाती घेतले ते त्यांना मुद्दाम कनिष्ठ दर्जाचे शिक्षण देण्यासाठी. काळ्या मुलाने मजुरीपुरते शिकावे, अधिक नको, हा त्यामागील उघड हेतू. पुढे निम्मे विषय आफ्रिकान्स म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकविण्याची सक्ती आली. त्याविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचे निर्जीव शरीर हातांवर घेऊन धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. आमच्या या लहानशा प्रदेशात गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा शेजारी शेजारी चालतात. मूल कोणत्या भाषेत शिकावे याचा निर्णय आईबाप घेतात. परप्रांतात राहून मुलांची मराठी टिकविण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या घरांना या स्वातंत्र्याचे मोल निराळे सांगावयास नको.

भारताने त्या मुलांची बाजू सोडली नाही. त्याआधी दोनच वर्षे, १९७४ मध्ये, अमृतराज बंधूंच्या खेळामुळे भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. तो चषक आजतागायत आपल्याकडे आलेला नाही. खेळाडूंच्या मनाला काय यातना झाल्या असतील याची कल्पना करावी. पण सहानुभूतीची परीक्षा ठरावांत होत नाही. हातातले काही सोडावे लागते तेव्हा होते. गोखल्यांनी प्रकृती दिली, १९४६ मध्ये देशाने बाजार दिला, १९७४ मध्ये चषक दिला, आकिनोंनी प्राण दिले.

सत्तावीस वर्षांच्या कारावासानंतर ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्याच वर्षी ते भारतात आले आणि भारतरत्न या किताबाने आपण त्यांचा गौरव केला. २७ एप्रिल १९९४ रोजी आयुष्यातील पहिले मत देण्यासाठी त्यांनी जी जागा निवडली ती ओहलांगेची शाळा. तेथे असलेल्या जॉन ड्युबे यांच्या समाधीला वंदन करून त्यांनी मतपेटीत मत टाकले. ज्या शाळेत ब्याऐंशी वर्षांपूर्वी नामदार गोखल्यांनी झुलू मुलांची गाणी ऐकली होती, तीच ही शाळा.

उरलेले ऋण

मग ऋण फिटले का? दक्षिण आफ्रिकेतील कायदे गेले. माणसाच्या कातडीकडे पाहून त्याची किंमत ठरविण्याची सवय मात्र जगातून गेलेली नाही, आणि ती फक्त गोऱ्यांचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये बंगळूरला टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हात टाकला. २०१७ मध्ये दिल्लीलगतच्या ग्रेटर नॉयडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. ज्या देशाने १९४६ मध्ये जगात सर्वांआधी आवाज उठविला, त्या देशात हे घडले. शिकावयास आलेल्या आफ्रिकी मुलाला खोली भाड्याने देताना आपल्या वसाहतींतून काय काय बोलले जाते ते आपण सारे जाणतो. आणि घरातच पाहावयाचे तर वधूवरांच्या जाहिरातींतून ‘गोरी’ हा शब्द अजून हद्दपार झालेला नाही. सावळ्या मुलीच्या आईला सुस्कारा टाकावा लागतो तो कोणत्याही प्रिटोरिया सरकारच्या कायद्यामुळे नव्हे.

आमच्या शाळेत वारली-कोकणा घरांतून मुले येतात. कित्येकांच्या घरात शाळेचा उंबरठा ओलांडणारे ते पहिलेच. वर्गात त्यांची जागा कोठे आहे, उत्तर विचारताना शिक्षकांची नजर त्यांच्यापर्यंत पोहोचते की नाही, शेजारच्या मुलाचा डबा त्यांच्यापुढे उघडतो की नाही, यावरून मी माझ्या शाळेची मुक्ती मोजतो. १९५४ ला जे येथे आले ते याच मुलांच्या आज्यापणज्यांसाठी आले होते.

आपण बृहन्महाराष्ट्रातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलो. बडोदे असो, इंदूर असो, ग्वाल्हेर वा तंजावर असो, तेथील लोकांनी आपल्याला जागा दिली, आपली भाषा चालू दिली, आपले सण आपल्याला करू दिले. परका असण्याचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणूनच या ऋणाची जाणीव इतरांपेक्षा आपल्याला अधिक असावयास हवी. येत्या २ ऑगस्टला, किंवा २७ एप्रिलला, घरातील मुलांना जवळ बसवून त्यांना नामदार गोखल्यांची जोहान्सबर्गातील मराठी, ओहलांगेची शाळा आणि बार्देशच्या आकिनोंची कथा सांगावी. आणि गावात शिकावयास आलेला एखादा काळा विद्यार्थी भेटला, तर त्याला दिवाळीच्या फराळाला घरी बोलवावे. एवढे आपल्या हातात आहे.